ताटात उरलेला राक्षस

॥ ॐ नमः शिवाय ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २००४

चि. श्रीशैल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. खोली बरी आहे, खाणावळीतल्या आमटीत डाळ शोधावी लागते आणि शीतगृहाच्या कोर्सला कोकणापासून खानदेशापर्यंतची मुलं आहेत, एवढं अव्वाला वाचून दाखवलं. पुढचं दीड पान गाळलं. फोन करण्यापेक्षा पत्र लिहायचं ठरवलंस ते बरं केलंस. फोन दुकानात अप्पांच्या गादीशेजारी, तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत गूळबाजारभर होतं.

आता गाळलेल्या दीड पानाबद्दल. सर कॉम्प्रेसर शिकवतात आणि तुझ्या डोळ्यांपुढे आपला माडीवरचा कॉम्प्युटर येतो. तुझे तीन गेम अर्धवट राहिलेत आणि जूनमध्ये अप्पा ते यंत्र दुकानात नेऊन त्यातलं सगळं पुसून टाकणार आहेत. "अक्का, त्या गेममधले लोक माझी वाट बघत उभे आहेत गं," असं तू लिहिलंस. मी हसले नाही. अव्वानं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा ठसका लागला म्हणून सांगितलं.

माझं ऐक. खानदेशात धडगावजवळच्या निवासी शाळेनं मला जूनपासून शिकवायला बोलावलंय हे तुला माहीत आहे. त्यावर अप्पा म्हणाले, "श्रीशैलनं कोर्स पुरा केला की गोदाम त्यो बघंल, मग तू खुशाल जा. न्हाईतर दोघंबी गावाला, आनि दुकानात कोण, नंदी?" तू आधी कुस्ती सोडलीस, मग तबला, मग डिप्लोमा. अप्पांना मी दोष देत नाही. पण माझी शाळा आता तुझ्या हातात आहे.

म्हणून आपण करार करू. तू कोर्स शेवटाला ने, मी तुझे गेम शेवटाला नेते. तुझं मन तिथं मोकळं राहील. मी आपल्या घरातली पहिली बी.ए. आहे, तीन गेम मला जड नाहीत. आपण ताटात काही टाकत नाही, ताट धुऊन ते पाणीही पितो. मी तसंच खेळेन. काही उरणार नाही.

कुठून सुरुवात करायची ते कळव.

तुझी अक्का,
विद्याश्री


पुणे
३ डिसेंबर २००४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी खोलीत उडी मारली. खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

नीट वाच. हे गेम लांब असतात, एकेक संपायला महिने जातात. आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव फिरायचं, सोबती गोळा करायचे, लढायचं, शेवटी मोठा राक्षस मारायचा. पहिला 'क्राउन ऑफ अल्मार' घे. राजाचा मुकुट चोरीला गेलाय तो शोधायचा. दुसरा 'ग्रेमून'. त्यात मी पुलापर्यंतच गेलोय, पलीकडचं काहीच बघितलेलं नाही. तिसरा 'विंटरगेट'. तो राहू दे. अगदी शेवटी बघ.

लोकांच्या घरात बिनधास्त शिरायचं, पेट्या उघडायच्या, असेल ते उचलायचं. आणि सारखं सेव्ह करायचं, लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

कोर्स झकास चाललाय. आज अमोनिया शिकलो. अजून डोळ्यांतनं पाणी येतंय.

तुझा,
श्रीशैल


शाहूपुरी, कोल्हापूर
१० जानेवारी २००५

चि. श्रीशैल यास आशीर्वाद.

मी अजून पहिल्याच गावात आहे.

तुझा सेव्ह मी उघडला नाही. दुसऱ्याच्या ताटात कशाला जेवायचं? पहिल्यापासून सुरू केलं. गाव छान आहे, वरचा किल्ला थेट पन्हाळ्यासारखा. फक्त दारात भाजलेली कणसं विकणारं कुणी नाही.

पेट्यांचं मात्र मला जमणार नाही. एका म्हातारीच्या घरात शिरले, तर ती म्हणाली, "वेलकम, ट्रॅव्हलर." जी आपल्याला या बसा म्हणते तिच्याच पेटीत हात घालायचा? सगळेच घेतात असं तू म्हणशील. सगळेच घेतात म्हणून तर देशाची ही दशा झाली आहे. चुकून एका घरातनं चमचा उचलला गेला होता, तो परत ठेवायला आठवडा गेला, कारण घर सापडेना.

दुसरं असं की विहिरीपाशी एक गृहस्थ उभे असतात. कधीही विचारा, ते म्हणतात, "इट इज कोल्ड टुडे." आता सांग, राजाच्या मुकुटाची घाई आहे की या माणसाची? डोंगरापलीकडच्या बाजारातून मी घोंगडं आणलं. वाटेत लांडग्यांनी मला अनेकदा मारलं. घोंगडं त्यांच्या हातात देता येईना, म्हणून पायाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशीही थंडी आहे म्हणाले. स्वाभिमानी असावेत.

गुडघ्यांच्या औषधासाठी बाळाबाई आत्ती हातकणंगल्याहून आली आहे. ती माझ्याशेजारी बसते. मी सगळं मराठीत करून सांगते. लाईट गेली आणि अर्ध्या दिवसाचं काम बुडालं, तेव्हा तिनं यंत्राच्या डोक्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. तेव्हापासून लाईट जायच्या आधी सेव्ह करायचं मला आपोआप सुचतं. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात?

विद्याश्री


पुणे
१७ जानेवारी २००५

ती. अक्कास नमस्कार.

अक्का, तुझ्या पाया पडतो. तो थंडीवाला माणूस जन्मभर तेवढंच बोलणार आहे! त्याला तेवढं एकच वाक्य दिलेलं असतं!

महिनाभर घोंगडं? तिकडं राज्य बुडतंय! या चालीनं तू गेम संपवेपर्यंत मी शीतगृहातनं रिटायर होईन. पेट्या नको तर नको, निदान गावाबाहेर तरी पड.

श्रीशैल


शाहूपुरी, कोल्हापूर
२६ फेब्रुवारी २००५

चि. श्रीशैल यास आशीर्वाद.

अल्मारचा मुकुट सापडला!

त्या गृहस्थांबद्दल तू म्हणतोस ते खरं असेल. पण गूळबाजारातले मल्लूकाका तरी "पाऊस न्हाई अवंदा" याशिवाय काय बोलतात? त्यांना आपण दरवर्षी दिवाळीचा फराळ पाठवतोच की.

चोर कोण निघाला माहीत आहे? पांढऱ्या दाढीचा तो जादूगार, जो पहिल्यापासून आपल्याबरोबर होता. मला धक्का बसला. आत्तीला नाही. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ह्यो फुकट मदत करतोय म्हंजे कायतरी हाय. गुडघ्याचं औषध देतो म्हणणारा आमच्याकडंबी एक आलता, म्हस घेऊन गेला." राजाला मुकुट मिळाला तेव्हा मात्र तिनं पदर डोळ्याला लावला. अव्वानं शिरा केला. कशाचा म्हणून अप्पांनी विचारलं तेव्हा आत्तीनं त्यांच्या ताटात आणखी एक मूद वाढली.

पण अप्पांना कळलं. एकदा ते माडीवर आले, मी दुकानदाराला शिरस्त्राण विकत होते. मला वाटलं, आता बी.ए.चा उद्धार होणार. ते मागं उभं राहून बघत होते. मग म्हणाले, "पैल्या भावालाच दिलंस? तोंड न्हाई व्हय तुला?" आणि खाली गेले. नंतर जेवताना अव्वाला म्हणाले, "शिकलेल्या पोरीनं बाजार बुडवला."

आता ग्रेमून चालू आहे. मी पुलापाशी अडकले आहे. पुलावरचा राक्षस वाट सोडत नाही, मारून मरत नाही, आणि बोलायला गेलं तर हसतो. पंधरवडा झाला. आत्ती जेवत नाही नीट. पलीकडं तिची राणी कैदेत आहे ना! तुझा एखादा मित्र पुढं गेला असेल तर विचार. पण अभ्यास सोडून नको.

शाळेचं पत्र आलंय. पहिली-दुसरीचा वर्ग मला देणार आहेत. मुलांची भाषा पावरी आहे, मी दहा शब्द पाठ केले. तू परीक्षेला बसलास की अकरावा करीन.

विद्याश्री


पुणे
४ मार्च २००५

ती. अक्कास नमस्कार.

घाईत लिहितोय. राक्षसाशी लढू नकोस. पुलाखाली उतर, तिथं मासे धरणारी बाई आहे, तिच्याकडनं बासरी घे, त्याच्यापुढं वाजव, तो झोपतो. पलीकडं तळं लागतं. तळ्यात तीन पुतळे आहेत, उजवीकडच्याच्या मागं बुडी मार, भुयार आहे. वर निघालीस की राणीचा मनोरा. हिरवी अंगठी घातलेली राणी भेटेल. ती खोटं बोलते, तिला काहीही हो म्हणू नकोस, नाहीतर दोन्ही सोबती सोडून जातात. फार वाईट वाटतं गं तेव्हा.

आत्तीला म्हणावं, जेव.

कोर्स झकास चाललाय.

श्रीशैल


शाहूपुरी, कोल्हापूर
१५ मार्च २००५

चि. श्रीशैल यास,

बासरी वाजवली. राक्षस झोपला. पुतळ्यामागं बुडी मारली. सगळं तू लिहिलंस तसंच निघालं. मी तर आनंदात होते. आत्तीनंच विचारलं, "व्हय गं विद्या, ह्यो म्हणलाता पुलाफुडचं बघिटलं न्हाई. मग राणीच्या अंगठीचा रंग ह्याला कुणी सांगिटला?"

मित्रानं सांगितलं असेल, असं मी म्हणाले. आत्ती म्हणाली, "मैतरानं रस्ता सांगिटला आसंल. पर 'फार वाईट वाटतं' हे ज्येला वाटतं त्योच लिव्हतो."

श्रीशैल, माझं पत्र गेलं आणि आठवड्यात तुझं उत्तर आलं. पूल ओलांडायला मला पंधरा दिवस पुरले नाहीत. तू हे कधी खेळलास? आणि कुठं? दिवसभर तर तुझे वर्ग असतात.

अमोनिया शिकल्याचं तू डिसेंबरात लिहिलं होतंस. त्यानंतर कोर्सबद्दल "झकास चाललाय" याच्यापुढं एक अक्षर नाही. तू तर त्या विहिरीवरच्या गृहस्थांसारखं बोलायला लागलायस.

खरं ते लिही. अप्पांना मी काही सांगितलेलं नाही.

अक्का


पुणे
२२ मार्च २००५

ती. अक्कास,

आत्तीला पोलिसात घ्यायला पाहिजे.

खरं लिहितो. आमच्या संस्थेमागं सायबर कॅफे आहे. तू घोंगड्यात अडकलीस तेव्हा मला इथं चैन पडेना. तू लांडग्यांकडून मरतेस आणि मी इथं कॉम्प्रेसरचं चित्र काढत बसलोय. पुढं तुला लागेल म्हणून रस्ता बघून ठेवावा, म्हणून एक तास गेलो. मग दुपारचे वर्ग चुकायला लागले. मग सकाळचे. तू पुलाशी अडकलीस तेव्हा तर मी तीन दिवस तिथनं उठलोच नाही. शपथ, माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी.

हजेरी कमी पडली. सर म्हणाले, परीक्षेला बसू देणार नाही. मी विनंती केली तर कदाचित ऐकतील. पण अक्का, परीक्षा दिली तर नापास व्हायची भीती. दिलीच नाही तर नापास कसा होणार?

गुढीपाडव्याला सामान घेऊनच येतो. अप्पांना तूच सांग. तू सांगितलंस की ते कमी ओरडतात.

श्रीशैल


शाहूपुरी, कोल्हापूर
२६ मार्च २००५

चि. श्रीशैल यास,

तुझं पत्र वाचलं आणि मला इतका राग आला की मी माडीवर गेले आणि तुझा विंटरगेट उघडला. अगदी शेवटी बघ म्हणाला होतास ना? तुझं काहीतरी मोडावं असं मला वाटत होतं. असा विचार शिक्षिकेनं करू नये. केला.

तुझा सेव्ह उघडला. बर्फ पडतंय, समोर मोठा काळा दरवाजा आहे आणि तुझा माणूस तिथं उभा आहे. त्याच्याकडची झोळी बघितली. सगळ्यात भारी तलवार आहे. औषधं काठोकाठ. चारही सोबती धडधाकट. आतला राक्षस मारला की गेम संपला, एवढंच राहिलंय. सेव्हवर तारीख आहे, दोन वर्षांपूर्वीची.

मला वाटायचं तू हरतोस म्हणून सोडतोस. तू तर दारापर्यंत पोचतोस आणि मग उभा राहतोस! डिप्लोम्याचंही असंच झालं का रे? कुस्तीचं? दुसऱ्या तालमीतल्या पोराबरोबर तुझी शेवटची कुस्ती होती आणि तुझं पोट दुखलं, ते मला आत्ता आठवतंय.

दोष माझाही आहे. तुझं ओझं मी उचललं म्हणजे तू मोकळा होशील असं मला वाटलं. तुझ्या ताटातलं मी जेवले आणि तू माझ्या ताटात वाकून बघत बसलास.

तू पाडव्याला सामान घेऊन आलास तर मी धडगावला जाणार नाही. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, उगाच तुझ्यावर भार नको म्हणून. पण मी लिहिलंच, आणि खोडणार नाही.

उद्या सरांकडे जा. हजेरी कशी भरून काढू, एवढंच विचार. नापास झालास तर नापासाचं पत्रक घेऊन ये, मी ते फ्रेम करून लावते. पण बसायचं. तोपर्यंत ग्रेमून बंद. मी राणीला उत्तर देणार नाही. विंटरगेटला तर हात लावणार नाही. तेवढा घास मी ताटात ठेवला आहे. आपल्या घरात असं कधी कुणी केलेलं नाही, तुझ्यासाठी करते आहे.

आत्तीचा निरोप, ती म्हणते तसाच लिहिते: "श्रीशैल्या, राणी दात इचकून हुबी हाय, ही पोरगी उत्तर देईना, आनि माझं औषध संपत आलं. हातकणंगल्याला जायच्या आत मला शेवट दाव. मुडद्या, परीक्षेला बस."

अक्का


पुणे
२९ एप्रिल २००५

ती. अक्कास नमस्कार.

सरांकडे गेलो. दारापाशी बराच वेळ उभा राहिलो, मग तो काळा दरवाजा आठवला आणि कडी वाजवली. त्यांनी हजेरीच्या बदल्यात बटाट्याच्या शीतगृहात काम दिलंय. बाहेर पुणं भाजतंय आणि मी आत स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बटाट्याच्या पोत्यांची थंडी मोजतोय. काल एक शेतकरी आला, त्यानं विचारलं, "काय पावणं, कसं काय?" मी म्हणालो, "थंडी आहे आज." मग एकटाच हसत बसलो.

सोमवारी पेपर सुरू. पोट दुखतंय. बसणार.

राणीला उत्तर दे. नाही म्हण. आत्तीचा आशीर्वाद घे आणि नाही म्हण.

श्रीशैल


शाहूपुरी, कोल्हापूर
२० जून २००५

चि. विद्याश्री हिस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पोचल्याचं पत्र मिळालं. पोरं तुझी भाषा ऐकून हसत्यात म्हणतेस, हसू देत. पैल्या दिवशी मला बी बाजारात हसलेती.

श्रीशैल पास झाला. काठावर झाला, पर काठावरचाबी गडी पाण्याभायेरच असतो. आता रोज गोदामात जातो. गुळाच्या ढेपास्नी काय थंडी पायजे त्यावर मला शिकिवतो. मी ऐकून घेतो.

आता यंत्राचं. चार दिसामागं ते दुकानात न्यायचं ठरलंतं. श्रीशैल म्हणाला, एक राहिलंय, अक्कानं ठेवलंय. बाळाबाई औषध संपलं तरी हातकणंगल्याला गेली न्हाई, ती बी खुर्ची घिऊन बसली. तुझी अव्वा बसली. मग मीबी बसलो, दुकान जरा येळ बंद ठेवून.

पोरगं त्या काळ्या दारापाशी गेलं आनि थांबलं. हात काढून घेतला. म्हणाय लागलं, उद्या बघू. मी म्हटलं, "दार उघड. हरलास तर हरलास, तू काय गूळ हाईस व्हय वितळाय?" उघडलं त्यानं. पैल्यांदा हरला. दुसऱ्यांदाबी हरला. बाळाबाईनं त्याच्याच कपाळाला विभूती लावली. मी वराडत हुतो, "डावीकडनं घे, डावीकडनं!" यंत्र न्यायला आलेले हमाल खालनं वर आले, त्यास्नी वाटलं भांडण लागलं. शेवटाला पडला की त्यो राक्षस! ही कुस्ती मैदानात झाली असती तर फेटा बांधला असता.

मी उठाय लागलो, तर श्रीशैल म्हणाला, "अप्पा, बसा, अजून संपलं न्हाई." मग ज्यांनी त्यो गेम केला त्यांची नावं यायला लागली. लई मोठी यादी. एक बी नाव आपल्याकडचं न्हाई. श्रीशैल वाचत हुता, आमी ऐकत हुतो. शेवटचं नाव जाऊन पडदा काळा होईस्तवर कोण उठलं न्हाई. ताट धुऊन पाणी प्यालो म्हण.

मग यंत्र पुसाय बसलो. तर बाळाबाई म्हणाली, त्या हिरीवरच्या थंडीवाल्या पावण्याला एकदा बघून घिऊ. बघितलं. तू ठेवलेलं घोंगडं तसंच पायाशी हाय. ती म्हणाली, ह्येला पुसू नगा, गरीब हाय. श्रीशैल माझ्याकडं बघाय लागला. मी म्हटलं, राहू दे.

तवा यंत्र आता दुकानात हाय, आनि त्यात हिशोबाशेजारी त्यो बी हाय. सकाळी दुकान उघडलं की श्रीशैल त्याला आधी बोलिवतो. त्यो पावणा म्हणतो, थंडी हाय. मी म्हणतो, असूं दे, बस.

अप्पा